फ्रिसी किनाऱ्यावरचं गोंदण

माझे वडील मालवाहू बोटीवर खलाशी होते. मी सात वर्षांची असताना ते युरोपच्या उत्तरेकडच्या समुद्रात बोटीवरून पडले आणि सापडले नाहीत. आम्हाला एवढंच कळलं, तेही पत्रातून. कंपनीच्या माझगावच्या ऑफिसातून एक माणूस लालबागला आमच्या चाळीत आला, आईची सही घेतली, लिफाफा दिला आणि चहालाही न थांबता गेला. पत्र इंग्रजीत होतं. आई ते शेजारच्या काकांकडे घेऊन गेली. काका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. त्यांनी चष्मा लावला, पत्र मनातल्या मनात दोनदा वाचलं आणि आईकडे न बघता म्हणाले, "फ्रिजियन बेटांजवळ. वादळ होतं. अंधार पडेपर्यंत शोधलं म्हणतायत."

त्या वेळी आमच्या मजल्यावर फ्रीज होता तो फक्त काकांकडे. मी आईच्या मागे उभी होते. 'फ्रिजियन' ऐकलं आणि मला काकूंच्या फ्रीजचा वरचा कप्पा दिसला: पांढरा, धुरकट, कडेकडेने बर्फाचे थर साचलेला. पुढे कितीतरी वर्षं माझे वडील माझ्या मनात तसल्याच एका जागी होते. काकू बर्फ काढायला ते दार उघडायच्या तेव्हा मी तिथून निघून जायचे.

गावाहून चुलते आले. प्रेत मिळालं नाही तर पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसं करू म्हणाले. आई म्हणाली, "पुतळो कसलो जाळतास? माणूस बुडालो ह्या कोणी बघलां?" बोटीवरच्या कोणी पाहिलं होतं की नाही हे पत्रात लिहिलेलं नव्हतं. चुलते रागावून परत गेले. वडिलांचे दिवस झाले नाहीत, श्राद्ध झालं नाही. आई मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कुटायच्या डंकावर कामाला लागली आणि तिने मला शिकवलं.

आमच्या कोकणात म्हणतात की बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. कोण आहे ते कळू द्यावं. आई उलट करायची. हाक पुरी व्हायच्या आत "इलंय!" म्हणून दाराशी पोचलेली असायची. चुलीवर दूध असो, अंगावर ओला टॉवेल असो. मला वाटायचं, तिचा स्वभावच घाईचा.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. लग्न केलं नाही. आई आणि मी प्रभादेवीला दोन खोल्यांत राहतो. गिरगावात एक लहानसं प्रकाशन आहे, तिथे मी भाषांतराची आणि मुद्रितं तपासायची कामं करते. मालकांना आम्ही सगळे सर म्हणतो. दोन वर्षांपूर्वी सरांनी मुलांसाठी एक पुस्तक करायला घेतलं, जगभरच्या समुद्रकाठच्या लोकांवर. इंग्रजी मजकूर माझ्याकडे आला. चौथं प्रकरण उघडलं आणि पहिल्याच ओळीत तो शब्द होता. मी तो आधी कधी छापलेला पाहिला नव्हता. पण ओठांनी उच्चारून बघितला आणि काकांचा आवाज कानात आला: फ्रिजियन. मी उठून पाणी प्यायले, परत येऊन बसले आणि वाचायला लागले. तोवर मला माहीतच नव्हतं की त्या समुद्राच्या काठी माणसं राहतात, आणि हजार वर्षांहून जास्त काळ राहतायत.

त्यांना मी मराठीत 'फ्रिसी' केलं. त्यांचा किनारा म्हणजे मैलोन् मैल चिखल. दिवसातून दोनदा समुद्र त्यावर चढतो आणि दोनदा मागे सरतो. ह्या लोकांनी सुरुवातीला बांधही घातले नाहीत. माती आणि शेण टाकून टाकून उंचवटे केले आणि त्यांवर घरं बांधली. भरती आली की प्रत्येक वाडी म्हणजे एक बेट. पुढे मध्ययुगात बांध आले. बांधाचा एकेक तुकडा एकेका घराकडे असे. ज्याला आपला तुकडा राखणं जमेना, त्याने त्यात आपलं फावडं रोवायचं आणि बायकामुलं घेऊन निघून जायचं. जो ते फावडं उपटेल, त्याची ती जमीन आणि त्याचाच तो बांध. त्यांच्यावर राजा असा नव्हता. ठरलेल्या जागी जमून ते आपापले कायदे ठरवत. आणि इतकं करूनही एखाद्या हिवाळ्यात समुद्र यायचा आणि गावंच्या गावं, देवळासकट, कायमची खाली जायची. वारा पडलेला असला की बुडालेल्या गावांच्या घंटा पाण्याखालून ऐकू येतात, असं तिथले नावाडी सांगत.

संध्याकाळी मी दिवसभरात केलेली पानं आईला वाचून दाखवते. ही आमची जुनी सवय. आईची चौथी इयत्ता झालेली, पण तिच्या कानाला वाक्य खटकलं तर ते हमखास चुकलेलं असतं. ती डाळिंब्या सोलत बसली होती. ही माणसं कुठली, हे मी तिला सांगितलं नाही. फावड्याची गोष्ट तिला लगेच पटली.

"बरोबर आसा," ती म्हणाली. "आमच्या खारबांधाक पण घरटी एक माणूस लागायचो. एक जरी इलो नाय तर बांध फुटायचो, मगे सगळ्यांच्याच शेतात खारा पाणी."

दुसऱ्या दिवशीच्या पानांत आणखी एक गोष्ट होती. मी ती वाचून दाखवायला नको होती, असं अजूनही कधीकधी वाटतं.

त्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना फार पूर्वी एक काम नेमून दिलेलं होतं: मेलेल्यांना पलीकडे पोचवायचं. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर रात्री थाप पडे. बाहेर कोणी नसे. तो उठून किनाऱ्याला जाई. तिथे अनोळखी होड्या लागलेल्या असत. होडीत माणूस दिसत नसे, पण होडी इतकी जड की काठाखाली बोटभरच लाकूड पाण्याबाहेर. कोळी वल्ही हाती घेई. पलीकडचं बेट एरवी दिवसभराच्या वाटेवर, पण त्या रात्री घटकाभरात येई. तिथे टेकताच होडी हलकी होई, वर उचलली जाई. कोणी उतरताना दिसत नसे. फक्त किनाऱ्यावरून एक आवाज यायचा. तो उतरणाऱ्यांची नावं घेत असे, एकेकाचं, बापाच्या नावासकट. बाई असली तर नवऱ्याच्या नावासकट. सगळी नावं घेऊन झाली की कोळ्याने परत फिरायचं.

आईचे हात थांबले होते. "खयचे ते लोक?" तिने विचारलं.

मी सांगितलं. फ्रिजियन म्हणजेच हे, असंही सांगितलं.

ती बोटांना लागलेली सालं पदराला पुसत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापसाचा नाव घेतल्यानी आसात काय गो?"

"आई, गोष्ट आहे ती."

"गोष्ट आसा ता माका कळता. नाव घेतल्यानी आसात काय, ता सांग."

मी पानं खाली ठेवली. मग तिनेच, चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, मला एक गोष्ट सांगितली. पत्र यायच्या काही दिवस आधी, भर दुपारी, ती घरात पीठ मळत होती. गॅलरीतून वडिलांनी हाक मारली. ते तिला नावाने नाही, "अगो" म्हणून हाक मारत. आवाज त्यांचाच, जरासा दमलेला. आईला वाटलं, न कळवता घरी आले. पण हात पिठाचे. तिने ते धुतले, केस सारखे केले, आणि मग बाहेर गेली. गॅलरीत कोणी नव्हतं. समोरच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, कोणीच आलं नाही.

"हात धुयत रवलंय," आई म्हणाली. "तशीच गेलंय आसतंय तर."

हे सांगितलं त्या दिवसापासून ती बाहेरच्या खोलीत झोपायला लागली. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेले, तरी खाली गादी घालून दाराजवळ. दुपारी मी घरी असले की मलाही जाणवायचं, ती मधूनच मान वळवून दाराकडे बघते. खोलीत कोणीतरी तिसरं माणूस वावरत असावं, तसे आम्ही दोघी हळू आवाजात बोलायला लागलो होतो. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआपच.

भाषांतरात होड्यांचे दोनचार शब्द अडले होते. ते विचारायला एका सकाळी मी वरळी कोळीवाड्यात गेले. एक म्हातारे कोळी किनाऱ्याला जाळं शिवत बसले होते. शब्द त्यांनी चटचट सांगितले. मग मी विचारलं, "काका, होडी बोटभरच वर राहील एवढी माणसं भरली तर ती वल्हवता येते का?"

"कशाला भरायची एवढी माणसं?"

मी त्यांना गोष्ट सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी सुई जाळ्यात अडकवून ठेवली. म्हणाले, "बाय, मेलेलं माणूस जड होतं. आमच्या जाल्यात दोनदा आलं. टाकून नाय देत आम्ही. किनाऱ्याला आणतो. त्या दिवसाची मच्छी विकत नाय." मग जरा थांबून म्हणाले, "कोणत्याही दर्याचा कोळी असंच करील."

बसस्टॉपवर उभी असताना ते वाक्य माझ्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं. वडील सापडले नाहीत, म्हणजे बोटीला सापडले नाहीत. इतक्या वर्षांत आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं की त्या समुद्रालाही किनारा आहे, आणि त्या किनाऱ्यावरही कोणीतरी जाळी टाकत असेल.

घरी येऊन इंटरनेटवर शोधलं. त्या बेटांवर बेवारशी बुडालेल्यांसाठी वेगळी स्मशानं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. लाटांनी आणलेली माणसं गावकरी तिथे पुरतात आणि वर लाकडी क्रूस लावतात, त्यावर बहुधा नाव नसतं, नुसता आकडा. मी तीन बेटांवर ईमेल पाठवले. आईला सांगितलं नाही. दोन ठिकाणांहून काही आलं नाही. तिसरीकडून महिन्याने उत्तर आलं. तिथले एक निवृत्त शिक्षक त्या स्मशानाची निगा राखत होते. त्यांनी लिहिलं होतं की तुम्ही सांगता त्या वर्षी, तुम्ही सांगता त्या तारखेनंतर अकरा दिवसांनी, बेटाच्या पश्चिमेला एक माणूस मिळाला होता. वय तिशी-पस्तिशीचं, कागदपत्र नाही. डाव्या हातावर गोंदलेली खूण होती. ती कोणाला वाचता आली नाही, म्हणून तेव्हाच्या माणसाने ती नोंदवहीत पेन्सिलीने उतरवून ठेवली. त्या पानाचा फोटो त्यांनी पाठवला होता.

माझे वडील चौतीस वर्षांचे होते.

फोटोत एक आडवी रेघ होती आणि तिच्यावर उभी असलेली काही वाकडीतिकडी चित्रं. मला काहीच लागेना. मग लक्षात आलं, त्या माणसाने हात पलीकडच्या बाजूने बघून चित्र काढलं असणार. मी फोन उलटा धरला. रेघ वर गेली आणि अक्षरं तिच्याखाली लोंबायला लागली. पहिलं अक्षर 'आ'. दुसरं 'ई' असावं.

आई.

आता लपवून चालणार नव्हतं. मी आईला समोर बसवलं, सगळं सांगितलं, फोन तिच्या हातात दिला. तिने तिचं भिंग आणलं, खिडकीशी जाऊन खूप वेळ बघितलं.

"ई नाय ता," ती म्हणाली. "ये आसा. आये. आपल्याकडचो माणूस आसा."

"बाबांच्या हातावर होतं?"

"नाय. तेच्या अंगावर गोंदण नव्हता." मग फोन मला परत देत म्हणाली, "तेची आये तो दोन वर्षांचो असताना गेली. तेका तिचा तोंडसुद्धा आठवत नव्हता. तो कशाक आये गोंदतलो? ह्यो दुसऱ्या कोणाच्या तरी आयेचो झील आसा."

झील म्हणजे मुलगा. मी मान हलवली. माझ्या मनात होतं ते बोलले नाही. वडील त्या खेपेला चौदा महिने घराबाहेर होते. चौदा महिन्यांत किती बंदरं लागली असतील, आणि खलाशी कुठल्या बंदरात काय गोंदवून घेईल, कोणी सांगावं? आणि ज्याला आईचं तोंड आठवत नाही त्याने 'आये' गोंदवावं, हेही मला अशक्य वाटत नव्हतं. आईने ते बोलून दाखवलं दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा गाळताना, माझ्याकडे पाठ करून. "चौदा महिने माणूस भायर हुतो. मिया काय सांगतलंय." एवढंच.

चार दिवसांनी ती म्हणाली, "ह्या झिलाचा पाणी सोडूया. तेचा कोणी केला नसतला."

आम्ही बाणगंगेला गेलो. पायऱ्या उतरायला आईला अर्धा तास लागला. गुरुजी तरुण होते. घरात पुरुष कोणी नाही का, विचारलं. मी करणार म्हटल्यावर जास्त काही बोलले नाहीत. गोत्र माहीत नाही म्हटलं तर म्हणाले, "काश्यप म्हणू, चालतं. नाव सांगा."

"नाव नाय," आई म्हणाली.

"अहो आजी, कोणाला म्हणून पाणी सोडू मग?"

"आयेचो झील म्हणा."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी ओंजळ पुढे केली. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि मंत्रात नावाच्या जागी स्पष्ट आवाजात तेच म्हटलं. मी तीन वेळा पाणी सोडलं. आई मागे पायरीवर बसली होती. तिला रडताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे. त्या दिवशी ती रडत नव्हती, पण तिचा जबडा सारखा हलत होता, जसं काही तोंडात धरून ठेवलंय आणि ते बाहेर येऊ द्यायचं नाही.

परत येताना टॅक्सीत तिने माझा हात धरला.

"तोच आसलो तर?" ती म्हणाली.

"आई..."

"तोच आसलो तर नाव न घेता पाठवलंय तेका. परक्यासारखो."

बाहेर उन्हात चौपाटी मागे पडत होती, माणसं मक्याची कणसं खात होती. आपण बाबांचंही करू, नावानं करू, असं मी म्हटलं. ती नको म्हणाली. दोन्ही केलं तर दोन्हींतलं एक खोटं ठरेल, आणि कुठलं ते तिला ठरवायचं नव्हतं. हे तिने मला त्या दिवशी नाही, पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली आणि घर येईपर्यंत तिने हात सोडला नाही.

मी त्या शिक्षकांना सगळं कळवलं. माणूस आमचा असेलही, नसेलही. पण अक्षरं आमची आहेत, ती अशी लिहितात, असं सांगून मोठ्या अक्षरांत 'आये' लिहून पाठवलं. पंधरा दिवसांनी फोटो आला. वाळूच्या टेकाडामागे क्रुसांची रांग होती आणि त्यातल्या एकावर पांढऱ्या रंगात आमची अक्षरं. शिरोरेघ जरा तिरकी गेली होती. त्यांनी विचारलं होतं, ह्याचा उच्चार कसा करायचा? वर्षातून एकदा गावातली माणसं तिथे जमतात. ज्यांची नावं माहीत आहेत त्यांची वाचली जातात, बाकीच्यांचे नुसते आकडे. ह्या वेळी त्यांना आकड्याऐवजी हे म्हणायचं होतं.

मी फोनवर आईचा आवाज रेकॉर्ड केला. पहिल्या वेळी खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. दुसऱ्या वेळी तिला खोकला आला. तिसऱ्या वेळी तिने नीट बसून, दूरवर कोणाला ऐकू जावं तसं, लांबवून म्हटलं. ते मी पाठवलं.

आई आता आत पलंगावर झोपते. तिला बरं वाटतंय असं मी म्हणणार नाही. काही दुपारी ती अजूनही बोलता बोलता थांबते आणि मीही थांबते, आणि थोड्या वेळाने आम्ही पुढचं बोलतो.

पुस्तक गेल्या दिवाळीच्या आधी निघालं. सरांनी होड्यांची गोष्ट काढून टाकली. मुलांच्या पुस्तकात मेलेली माणसं नकोत म्हणाले. मी भांडले नाही. दोन प्रती घरी आणल्या. आईने चौथं प्रकरण उघडलं. तिथे उंचवट्यावरच्या घरांचं रंगीत चित्र होतं, चहूकडे भरतीचं पाणी. तिने भिंग लावून ते बघितलं आणि विचारलं, "आणि ह्यांची गुरां खय जायत, पाणी इला की?"

"घरातच घेत त्यांना," मी म्हटलं. "एकाच छपराखाली. एका बाजूला माणसं, एका बाजूला गुरं."

"बरां," ती म्हणाली आणि पान उलटलं.